क्रायो-ईएमची चित्रं : पुढच्या प्रक्रियेआधीची निवड-पाखड

गाडीनं बल्लारशा सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत दोन हार्ड डिस्क. परगावच्या क्रायो-ईएम केंद्रात (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं पाहायचं तंत्र) दोन दिवसांचा स्लॉट मिळाला होता आणि आमच्या प्रथिनाच्या मूव्हीज, म्हणजे एकेका जागेच्या लागोपाठच्या फ्रेम, घेऊन मी नागपूरला परत येत होतो. घरी पोचलो, आंघोळसुद्धा न करता डिस्क जोडली आणि त्याच रात्री पार्टिकल पिकिंग, म्हणजे चित्रातले प्रथिनाचे कण वेचणं, सुरू केलं. तीन आठवड्यांनी माझ्या हातात जे त्रिमितीय मॉडेल होतं ते साबुदाण्याच्या वड्यासारखं दिसत होतं. वरून खडबडीत, आत काहीच नाही.

दोष प्रथिनाचा नव्हता, यंत्राचा नव्हता. मधलं काम मी गाळलं होतं. चित्रं नीट तयार करणं आणि निवडणं, हे ते काम. प्रशिक्षणात त्यावर अर्धा तास मिळतो, खऱ्या प्रकल्पात त्यालाच आठवडा लागतो. तुम्ही पहिल्यांदाच सिंगल पार्टिकल डेटा (सुट्या कणांच्या चित्रांवरून आकार काढायचा तो) हाताळत असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. रेलिऑन, क्रायोस्पार्क किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, क्रम हाच राहतो.

स्वतःचा डेटा अजून हातात नसेल तर एम्पिअर या सार्वजनिक संग्रहातला १०२०४ क्रमांकाचा संच घ्या. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम आहे, २०० किलोव्होल्टच्या जेओल यंत्रावर घेतलेलं. त्यातल्या फक्त २४ मूव्हीज रेलिऑनच्या प्रशिक्षणासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या आहेत. सरावाला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

सुरुवातीला जवळ काय हवं

- मूळ मूव्ही फाइल्स, म्हणजे टिफ, एमआरसी किंवा ईईआर. जेपेग हे नुसतं बघायला असतं, त्यावर कुठलीही प्रक्रिया करू नका.
- गेन रेफरन्सची फाइल (कॅमेऱ्याच्या पिक्सेलांचा नकाशा, पायरी ३ मध्ये सांगतो), आणि ती कशी फिरवायची याची माहिती.
- सेशनचा कागद. त्यात काय असावं ते पायरी २ मध्ये सांगतो.
- यंत्राच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक चित्रासोबत टाकलेल्या एक्सएमएल फाइल्स.
- लिनक्सचा संगणक, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, आणि डेटाच्या किमान तिप्पट रिकामी जागा.
- यूपीएस. बर्डीच्या बाजारातून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पण आणाच.
- एक वही. खरीखुरी, कागदाची.

यूपीएसवर भर देण्याचं कारण नागपूरकरांना सांगायला नको. नवतपा सुरू झाला की दुपारी लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि मोशन करेक्शन (हललेल्या फ्रेम जुळवणं, पायरी ४) मध्येच तुटलं की अर्धवट लिहिलेल्या फाइल्स तशाच पडून राहतात. त्या बाहेरून अगदी पूर्ण झाल्यासारख्या दिसतात. आणखी एक, डेझर्ट कूलरच्या झोतासमोर संगणक ठेवू नका. ग्राफिक्स कार्डाला गारवा हवा हे खरं, पण तो ओलावा नको. मे महिन्यात मी मोठे जॉब रात्री अकरानंतर लावतो. खोली तेव्हाच काय ती थोडी निवते.

पायरी १ : डेटा उतरवून घेणं

केंद्रातून निघण्याआधीच एमडी५ चेकसमची (फाइल जशीच्या तशी आली का ते ताडायच्या खुणेची) यादी मागा, आणि घरी कॉपी झाल्यावर ती ताडून पाहा. दोन हजार फाइल्समधली एखादी अर्धवट आली तर ते डोळ्यानं कळत नाही.

जागेचा हिशोब आधीच करून ठेवा. के३ कॅमेऱ्याचं एक चित्र ५७६० गुणिले ४०९२ पिक्सेलचं असतं. मोशन करेक्शननंतर ते प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून साठवलं की साधारण ९४ एमबी होतं. अशी दोन हजार चित्रं म्हणजे जवळजवळ १९० जीबी, आणि यात मूळ मूव्हीज धरलेल्याच नाहीत.

इथला पहिला सापळा डिस्कच्या फॉरमॅटचा. बाहेरची डिस्क बहुधा एक्सफॅट असते. तिच्यावरून डेटा आणायला हरकत नाही, पण प्रकल्प तिच्यावरच चालवू नका. रेलिऑन पदोपदी सिम्बॉलिक लिंक (मूळ फाइलकडे नुसतं बोट दाखवणारी नोंद) वापरतं आणि एक्सफॅटला त्या येतच नाहीत. मग विचित्र एरर येतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरा सापळा फाइलच्या नावांचा. ‘फॉइलहोल’नं सुरू होणारी ती लांबलचक नावं पाहून ती छोटी करायचा मोह होतो. करू नका. कुठलं चित्र ग्रिडच्या (नमुना ठेवायच्या जाळीच्या) कुठल्या भोकातलं हे त्या नावांवरूनच कळतं, आणि एक्सएमएलशी जोडी जमवायलाही तीच लागतात. बीम किती सरकवून चित्र घेतलं ही माहिती त्या एक्सएमएलमध्ये असते, आणि पुढे ऑप्टिक्स ग्रुप (बीम सारखाच सरकवलेल्या चित्रांचे गट) पाडताना तिची गरज पडते. मूळ फोल्डर ‘फक्त वाचा’ करून ठेवा आणि काम लिंक करून दुसरीकडे करा.

पायरी २ : कागद भरून घ्या

हे आकडे वहीत लिहिल्याशिवाय संगणकाला हात लावू नका: व्होल्टेज, स्फेरिकल ॲबरेशन (भिंगाचा एक दोष), कॅलिब्रेट केलेला पिक्सेल साइज, फ्रेम किती, एकूण डोस (नमुन्यावर किती इलेक्ट्रॉन पडले), दर फ्रेमचा डोस, ठरवलेली डिफोकसची मर्यादा (मुद्दाम फोकसपासून किती सरकायचं), सुपर-रिझोल्यूशन (एकेका पिक्सेलचे आणखी तुकडे करून मोजणं) होतं की नव्हतं, ग्रिड तिरकं केलं होतं का.

टायटन क्रायोस या यंत्राचं स्फेरिकल ॲबरेशन साधारण २.७ मिलिमीटर धरतात. वर सांगितलेल्या सरावाच्या संचाला मात्र १.४ लागतं. म्हणजे ‘सगळे २.७ टाकतात म्हणून मीही टाकलं’ हे चालत नाही.

पिक्सेल साइज फाइलच्या हेडरमधून उचलू नका. एमआरसीच्या हेडरमध्ये तो कधी शून्य असतो, कधी १, कधी दुसऱ्याच कुठल्या मॅग्निफिकेशनचा. सुपर-रिझोल्यूशनमध्ये फाइलीतला पिक्सेल खऱ्या पिक्सेलच्या निम्मा असतो, आणि नवखा माणूस हमखास तिथेच अडखळतो.

गंमत अशी की पिक्सेल साइज चुकला तरी पुढचा सीटीएफ फिट (भिंग आणि डिफोकसमुळे चित्रात झालेला बदल मोजणं) छान बसतो. कारण चुकीची भरपाई डिफोकस करतो, आणि तीही वर्गाच्या प्रमाणात. पिक्सेल दुप्पट टाकलात तर डिफोकस चौपट येतो. यंत्रावर तुम्ही १ मायक्रॉन ठेवलं होतं आणि प्रोग्राम सगळीकडे ४ मायक्रॉन सांगतोय, असं झालं की आधी पिक्सेल साइज तपासा.

डोसचंही तेच. यंत्राच्या पडद्यावर तो ‘दर पिक्सेलला दर सेकंदाला इतके इलेक्ट्रॉन’ असा असतो आणि आपल्याला तो दर चौरस अँगस्ट्रॉमला हवा असतो. समजा पिक्सेल ०.८८५ अँगस्ट्रॉमचा आहे, तर त्याचं क्षेत्रफळ झालं ०.७८३. पिक्सेलला सेकंदाला ८ इलेक्ट्रॉन पडत असतील तर चौरस अँगस्ट्रॉमला १०.२ पडले. पाच सेकंदांच्या एक्स्पोजरला सुमारे ५१. हे गणित एकदा हातानं करा.

पायरी ३ : गेन रेफरन्स

माझ्या साबुदाणा वड्यातली पहिली चूक ही.

कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल सारख्याच ताकदीनं मोजत नाही. कुठला जास्त मोजतो, कुठला कमी, याचा नकाशा म्हणजे गेन रेफरन्स. हा नकाशा लावल्यावर चित्र सपाट होतं. पण साठवताना मूव्ही एका दिशेत आणि गेन दुसऱ्या दिशेत साठवला गेला असेल, तर तो ९० अंशात फिरवावा किंवा उलटा करावा लागतो. मी विचारलं नाही. डीफॉल्टवर चालवलं. प्रोग्रामनं एरर दिली नाही, कारण त्याला काय कळणार?

तपासायची सोपी रीत अशी. कुठल्याही वीस-तीस मूव्हीज गेन लावून जोडा आणि त्या सगळ्या चित्रांची सरासरी काढा. प्रथिनं प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात, ती सरासरीत विरून जातात. कॅमेऱ्याचे डाग मात्र जागचे हलत नाहीत. सरासरीत आडव्या-उभ्या पट्ट्या, चौकटी किंवा ठिपके दिसले तर गेनची दिशा चुकली. फिरवणं आणि उलटणं मिळून आठ शक्यता होतात. कॅमेरा चौरस नसेल तर त्यातल्या चार मापातच बसत नाहीत, म्हणजे चारच उरल्या. चारही करून पाहायला तासभर लागतो. माझे तीन आठवडे गेले.

पायरी ४ : मोशन करेक्शन

इलेक्ट्रॉन पडायला लागले की बर्फाचा पापुद्रा हलतो, सर्वांत जास्त पहिल्या काही फ्रेममध्ये. मोशनकोर२ किंवा रेलिऑनचा स्वतःचा प्रोग्राम फ्रेम एकावर एक नीट बसवून देतो. ५ गुणिले ५ पॅचपासून (चित्राच्या तुकड्यांपासून) सुरुवात करा. सुपर-रिझोल्यूशन असेल तर इथेच २नं बिन करा, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकत्र करा, आणि त्यापुढे सगळीकडे मोठा पिक्सेल साइज वापरायचा हे वहीत लिहा.

डोस-वेटेड (उशिराच्या, भाजलेल्या फ्रेममधल्या बारीक तपशिलाला कमी वजन दिलेलं) आणि साधं, अशी दोन्ही चित्रं साठवा. पार्टिकल्ससाठी डोस-वेटेड चालतं. सीटीएफ मोजायला साधं घ्या, किंवा प्रोग्रामनं फ्रेमवरून काढलेला पॉवर स्पेक्ट्रम (किती बारीक तपशिलाचा सिग्नल किती, याचा नकाशा) घ्या. डोस-वेटिंगमध्ये बारीक तपशिलाचा भाग दाबला जातो, आणि आपल्याला त्या स्पेक्ट्रममधल्या ज्या थॉन रिंग्ज, म्हणजे कड्या, पाहायच्या असतात त्याच फिक्या होतात.

पायरी ५ : सीटीएफ

सीटीएफफाइंड४ किंवा तुमच्या पॅकेजातलं साधन चालवा. डिफोकसचा शोध ५,००० ते ५०,००० अँगस्ट्रॉममध्ये ठेवा. १०,००० अँगस्ट्रॉम म्हणजे एक मायक्रॉन. ज्या चित्रांचा डिफोकस नेमका या टोकाला किंवा त्या टोकाला चिकटून बसलाय, तिथे फिट झालेलाच नाही असं समजा.

पायरी ६ : आकड्यांवरून संशयित शोधणं

आता प्रत्येक चित्रापुढे चार-पाच आकडे असतील: एकूण हालचाल, डिफोकस, ॲस्टिगमॅटिझम (दोन दिशांना फोकस वेगळा असणं), सीटीएफ फिट किती अँगस्ट्रॉमपर्यंत पोचला, आणि काही पॅकेजात बर्फाच्या जाडीचा अंदाज. प्रत्येकाचा आलेख काढा, चित्राच्या क्रमांकानुसार.

क्रमांकानुसार का, तर सेशनची गोष्ट त्यातच दिसते. रात्री दोननंतर हालचाल वाढली, किंवा एका ग्रिड स्क्वेअरपासून (जाळीच्या चौकोनापासून) फिट एकदम बिघडला, हे नुसत्या सरासरीत कधीच कळत नाही.

‘कटऑफ किती ठेवू?’ हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कोणी ५ अँगस्ट्रॉम म्हणेल, कोणी ६. मी आकडा सांगत नाही. आलेखात ढीग कुठे संपतो आणि शेपूट कुठे सुरू होतं ते पाहा, आणि शेपटातली चित्रं उघडा. पण आकड्यावरून थेट टाकू नका. आकडा फक्त बोट दाखवतो.

पायरी ७ : डोळ्यांनी पाहणं

राजेहो, इथे घाई करू नका. बर्डीवर तर्री-पोहे खाऊन या, मग निवांत बसा.

पाहण्यासाठी चित्र ४ किंवा ८ पट लहान करून २० अँगस्ट्रॉमच्या लो-पास फिल्टरमधून (त्याहून बारीक ते गाळणाऱ्या) दाखवा. हे फक्त पडद्यापुरतं, फिल्टर केलेलं चित्र पुढे पाठवायचं नाही. शेजारी त्याच चित्राचा पॉवर स्पेक्ट्रम उघडा. ही दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय निर्णय नाही. असं का, ते माझ्या दुसऱ्या चुकीवरून सांगतो.

पहिल्या वेळी मी नुसती चित्रं पाहिली. ज्यात कण ठसठशीत काळे दिसले ती ठेवली, जी फिकट, राखाडी, ‘काहीच दिसत नाही’ अशी होती ती बाजूला काढली. जवळपास एक तृतीयांश चित्रं गेली. प्रयोगशाळेतल्या ताईंनी यादी पाहिली आणि विचारलं, “तू काहून ही काढली? यांचा डिफोकस पाह्यला का?” पाहिला नव्हता. टाकलेली बहुतेक चित्रं एक मायक्रॉनच्या आसपासची होती.

डिफोकस जास्त असला की कण उठून दिसतात, पण बारीक तपशील लवकर मावळतो. डिफोकस कमी असला की चित्र निर्जीव दिसतं, आणि तपशील त्यातच जास्त टिकलेला असतो. मी नेमकी उपयोगाची चित्रं फेकली होती. त्यात जास्त डिफोकसची चित्रं नकोतच असंही नाही. प्रत्येक डिफोकसला काही ठिकाणी सिग्नल शून्य होतो, आणि वेगवेगळे डिफोकस मिसळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

पॉवर स्पेक्ट्रममध्ये काय पाहायचं:

- गोल, स्वच्छ, लांबवर जाणाऱ्या कड्या: चांगलं.
- कड्या एकाच दिशेत पुसल्यासारख्या, दुसऱ्या दिशेत शाबूत: ड्रिफ्ट, म्हणजे चित्र घेताना नमुना सरकला. थोडं असेल तर शंकेत, जास्त असेल तर बाहेर.
- कड्या लंबगोल: ॲस्टिगमॅटिझम. हा सीटीएफमध्ये मोजला जातो, त्यामुळे जरासा असेल तर घाबरून टाकू नका.
- सुमारे ३.७ ते ३.९ अँगस्ट्रॉमच्या जागी ठळक कडी किंवा चमकते ठिपके: बर्फ स्फटिकरूप झालाय. पाणी काचेसारखं गोठायला हवं होतं. ठिपके तीव्र असतील तर बाहेर.
- कड्याच नाहीत: बर्फ फार जाड, किंवा रिकामी जागा, किंवा बीम अडलेला.

मूळ चित्रात काय पाहायचं तेही सांगतो. कोपऱ्यात काळा भाग असेल तर तो भोकाच्या कडेचा कार्बन किंवा सोनं. चित्र टाकायची गरज नाही, पिकिंगच्या वेळी तेवढा भाग वगळता येतो. गर्द, कडा असलेले डाग म्हणजे हवेतल्या ओलाव्याचे बर्फकण, ग्रिड हलवताना बसलेले. एखाद-दुसरा असेल तर चालतं. मधे कण नाहीत आणि सगळे कडेला गोळा झालेत, तर बर्फ मधे इतका पातळ आहे की कण तिथे मावले नाहीत. कण एकमेकांवर चढलेले असतील तर बर्फ जाड आहे किंवा नमुना दाट झालाय. आणि एकाच जागेची दोन चित्रं दिसली तर पहिलं ठेवा, दुसरं काढा. दुसऱ्या वेळेपर्यंत प्रथिन इलेक्ट्रॉनांनी भाजलेलं असतं.

रंगाबद्दल एक सूचना. क्रायोच्या कच्च्या चित्रात प्रथिन काळं आणि भोवतालचा बर्फ उजळ असतो. निगेटिव्ह स्टेनमध्ये (प्रथिनाभोवती जड धातूचं द्रावण लावायची रीत) उलट. पहिल्यांदा निगेटिव्ह स्टेनवर शिकलेली मुलं क्रायोत पांढरे ठिपके शोधत बसतात.

एका बैठकीत दीडशे-दोनशेच्या वर चित्रं पाहू नका. त्यापुढे डोळा थकतो आणि निकष सैल होतो, किंवा चिडून कडक होतो. मी दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीची पहिली वीस पुन्हा पाहतो. निर्णय वेगळे आले तर आदला अख्खा दिवस पुन्हा.

पायरी ८ : तीन ढीग

दोन नाही, तीन: घ्या, शंका, टाका. रेलिऑनमध्ये सबसेट सिलेक्शन आहे, क्रायोस्पार्कमध्ये एक्स्पोजर क्युरेट करायचा जॉब आहे. दोन्हीत फाइल पुसली जात नाही, फक्त यादी बदलते. तुम्हीही काही पुसू नका. माझी फिकट चित्रं परत मिळाली ती एवढ्याचसाठी.

शंकेच्या ढिगाचा निकाल वाद घालून लावू नका, करून पाहा. ‘घ्या’मधली पन्नास आणि ‘शंका’मधली पन्नास चित्रं वेगवेगळी चालवा. साधं ब्लॉब पिकिंग (नुसते गोल ठिपके वेचणं), मग २डी क्लासिफिकेशन (सारखे दिसणारे कण गटात घालून प्रत्येक गटाची सरासरी, म्हणजे क्लास ॲव्हरेज, काढणं). शंकेच्या क्लास ॲव्हरेजमध्ये प्रथिनाच्या आतली रचना दिसत असेल तर ती चित्रं आत. नुसते धूसर गोळे असतील तर बाहेर.

या चाचणीत टेम्प्लेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या आकाराचा नमुना, मात्र वापरू नका. नुसत्या नॉइजची एक हजार चित्रं आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून त्यांची सरासरी काढली तर त्यातून आइन्स्टाइनच उमटतो, हे रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये फार स्पष्टपणे मांडलं होतं. याच तंत्रातल्या कामासाठी २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. रद्दी चित्रं आणि मनात आधीच ठरलेला आकार एकत्र आले की प्रोग्राम तुम्हाला हवं तेच दाखवतो.

पायरी ९ : नोंद

वहीत लिहा: एकूण किती, किती घेतली, किती टाकली, आणि टाकण्याची कारणं गटवार. उदाहरणार्थ ‘बर्फ जाड’, ‘ड्रिफ्ट’, ‘स्फटिक’. प्रत्येक जॉबची सेटिंग्ज आणि प्रोग्रामची आवृत्तीही त्यातच. पेपर लिहायच्या वेळी हे सगळं विचारलं जातं, आणि तोवर वर्ष उलटून गेलेलं असतं.

गटवार कारणांचा आणखी एक फायदा आहे. टाकलेल्यांत ‘बर्फ जाड’ जास्त निघाली तर पुढच्या ग्रिडला ब्लॉटिंगचा (गोठवण्याआधी जादा द्रव टिपून घेण्याचा) वेळ वाढवा. ‘हवेतले बर्फकण’ जास्त असतील तर ग्रिड हलवताना द्रव नायट्रोजन ताजा आहे का ते पाहा. पुढच्या स्लॉटचा अर्ज भरताना मी हे आकडे सोबत जोडतो. मागच्या वेळी ते पाहूनच केंद्रातल्या माणसानं फोन करून सांगितलं की यावेळी ग्रिड एक दिवस आधी पाठवा, आम्ही चाचणीची चित्रं काढून ठेवतो.